पोरगी मोठी होईस्तोवर टिकणारी डबी

पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या बारा-पंधरा वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या जोडप्यांची तोंडं दयानंदच्या कॅमेऱ्यातून गेलेली आहेत. दयानंद माले गावचा. घरची थोडी भातखाचरं आणि पौडला एक गाळा. गाळ्याला तो स्टुडिओ म्हणतो. आत एक निळा पडदा, एक स्टूल आणि भांग पाडायला एक आरसा, एवढाच काय तो स्टुडिओ. माणूस मात्र कामाला चोख. अक्षता पडताना वीज गेली तरी याच्या शूटिंगमध्ये अंधार सापडायचा नाही. फक्त बोलायच्या नावानं शून्य. फोटो काढणारा असा घुमा असला की पाहुणेही घुमे होतात. सुरुवातीच्या काळात दयानंदच्या फोटोंतलं वऱ्हाड मयतीला आल्यासारखं दिसायचं, हे पौडात अजून चवीनं सांगतात.

ते बदललं कल्पनामुळं. कल्पना मुठ्याची, म्हणजे डोंगरापलीकडची. लग्न होऊन आली आणि वर्षभरात दुसरा कॅमेरा तिनं हातात घेतला. हळदीला, मेंदीला, बायकांच्या घोळक्यात पुरुषमाणसानं किती घुसायचं? तिथं ही सरळ शिरायची. नुसती शिरायची नाही, तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "ओ मामी, दात काय हुंड्यात दिलं का? हसा की जरा!" "नवरीबाई, रडायचं ते उद्या. आज माज्याकडं बघा." मामी हसायच्या, नवरी हसायची, आणि दयानंदची फिल्म एकदम लग्नाची दिसायला लागली. दोन वर्षांत तारखा मिळेनात, इतकं काम वाढलं.

आता गंमत बघा, तिचं हे बोलणं फिल्ममध्ये गिऱ्हाइकांपैकी कुणीच कधी ऐकलं नाही. लग्नाच्या फिल्ममध्ये मूळ आवाज ठेवत नाहीत. तो पुसायचा आणि वर गाणी चढवायची, ही या धंद्याची रीत. लोक घरी फिल्म बघायचे, त्यात मामी खो खो हसताना दिसायच्या, पण कशाला हसल्या ते कळायचं नाही. कल्पना सापडायची ती कच्च्या शूटिंगमध्ये, कॅमेऱ्याच्या मागं, नुसती आवाजानं. कॅमेरा तिच्याकडं वळला की ती तळहात आडवा धरायची. मी काय नवरी हाय का, म्हणायची. मोबाईलवरसुद्धा तिनं कधी स्वतःला येऊ दिलं नाही. पुढं किमया झाली. तिचं पालथं पडणं, रांगणं, पहिलं उभं राहणं, सगळं कल्पनानंच टिपलं. चित्रात लेक आणि मागून आईच्या हाका.

किमया दीड वर्षाची असताना भाताच्या लावणीत कल्पना अंगात ताप घेऊन खाचरातून वर आली. दयानंदची आई तुळजाबाई म्हणाल्या, "भिजलीया. काडा घे आन् पड." दयानंदलाही ताप म्हणजे तापच वाटला. पावसाळ्यात मुळशीत ताप कुणाला येत नाही? डोळे पिवळे झाले तेव्हा गाडी केली, आणि आठवडा सरायच्या आत पुण्याहून तिला आणली ती झाकूनच. उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. उच्चारलं नाही म्हणून ते विसरलं गेलं असं कुणी समजू नये.

दहावं-तेरावं उरकल्यावर महिन्याभरानं दयानंदनं गाळा उघडला. एका गिऱ्हाइकाची फिल्म अर्धी राहिली होती. कच्चं शूटिंग लावलं, कानाला हेडफोन लावला, आणि कल्पना बोलायला लागली. ओ मामी, म्हणाली. दयानंदनं हेडफोन ओढून काढला, शटर खाली घेतलं आणि आत स्टुलावर बसून तो लहान पोरासारखा रडला. त्या दिवशी त्यानं एक ठरवलं. हा आवाज किमयाचा आहे. तिला आई आठवणार नाही, फोटोतली आई काही बोलत नाही, तेव्हा निदान आवाज तरी तिला मिळाला पाहिजे. आत्ता नाही, जरा समजायला लागली की. तोवर तो जपायचा.

जपायचा कशात, हा प्रश्न होता. कच्चं शूटिंग पडलं होतं जुन्या, स्वस्तातल्या हार्डडिस्कांत आणि कॅमेऱ्याच्या कार्डांत. त्यांतली एक हार्डडिस्क टकटक आवाज करायला लागली होती. कार्डं तर रोजच्या वापरातली, एका लग्नाचं पुसून दुसऱ्याचं भरायची. म्हणून त्यानं ठरवलं की सगळं एका ठिकाणी आणायचं आणि ते ठिकाण असं घ्यायचं, की पुन्हा चिंता नको.

जो माणूस हजारोंची लेन्स उभ्या उभ्या पसंत करायचा, त्यानं एका हार्डडिस्कसाठी दीड महिना घालवला. ज्याला त्याला विचारत सुटला. सूसच्या सोसायटीत निरंजन म्हणून एक राहतो, मूळचा लातूरकडचा, कंपनीत कामाला. त्याच्या लग्नाचं शूटिंग दयानंदनं केलं होतं, तेव्हापासूनची ओळख. निरंजन म्हणाला, "दयानंदभाऊ, भारीतली एक घेण्यापेक्षा साध्या दोन घ्या. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे राहू द्या. कितीही भारी असली तरी ती वस्तूच आहे."

"माजी बायको तुमच्या कपाटात कशाला?" दयानंद म्हणाला.

बोलणं जरा वाकडंच गेलं. निरंजननं इंटरनेटवर ठेवायचंही सुचवून पाहिलं. पण माल्यात धड फोन लागायची मारामार, तिथं एवढं शूटिंग वर चढवणार कोण? आणि जी वस्तू हातात धरता येत नाही ती आपली कशी म्हणायची, असा दयानंदचा हिशोब. निरंजननं नाद सोडला. सांगून ऐकेल तो दयानंद कसला!

पुण्यातल्या दुकानात काउंटरवर अनुष्का नावाची मुलगी होती. तिनं त्याच्यासमोर पाच-सहा डब्या मांडल्या. एक अगदी पातळ, बोटाएवढी. "सर, ही घ्या. हिच्यात फिरणारं काही नसतं. फास्ट आहे, पडली तरी काही होत नाही."

"नुसती ठिवून दिली तर? वर्सानुवर्सं?"

अनुष्का प्रामाणिक निघाली. "अशी वीज न लावता फार वर्षं पडून राहिली तर हिच्यातलं जाऊ शकतं, असं म्हणतात. विसरते ती."

"मग ती नको."

मग तिनं फिरत्या चकतीवाली काढली. आत लोखंडी कवच, वरून जाड हिरवं रबर, वायरच्या तोंडाला झाकण. "सर, ही आर्मीवाले वापरतात तसली आहे," म्हणाली आणि दाखवायला ठेवलेली एक तिनं सरळ काउंटरवरून खाली फरशीवर टाकली. उचलून लावली तर चालू. दयानंद खूश झाला.

"टिकंल किती?"

"तीन वर्षांची वॉरंटी आहे सर."

"वॉरंटीचं न्हाई विचारत. मला पोरगी मोठी होईस्तोवर पायजे."

अनुष्काला हसू आलं, पण समोरचा माणूस हसत नव्हता, तेव्हा तिनं ते गिळलं. दयानंद ती हिरवी डबी घेऊन घरी आला. चार दिवस बसून त्यानं सगळं शूटिंग त्यात भरलं. भरल्यावर एकेक तुकडा तपासून पाहिला, आवाज बंद ठेवून. मग जुनी कार्डं पुन्हा कामाला लागली आणि जुन्या हार्डडिस्का भंगारात गेल्या. एक खणखणीत वस्तू असताना चार खिळखिळ्या कशाला सांभाळायच्या?

राहिला पाऊस. मुळशीचा पाऊस ज्यानं काढलाय त्यालाच तो ठाऊक. चार महिने भिंती घाम गाळतात, वाळत घातलेल्या कपड्यांना वास सुटतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. दयानंदच्या दोन लेन्सा अशाच बुरशीनं गेल्या होत्या. डबी पाण्याला भ्यायची नाही, असं अनुष्का म्हणाली होती. पण अनुष्का कुठं माल्यात राहते? इथं ओलीवर एकच इलाज, तांदूळ. मोबाईल पाण्यात पडला, घाल तांदळात. मीठ ओलसर झालं, टाक त्यात चार दाणे. आणि तांदळाला या घरात काय तोटा? मागच्या खोलीत वर्षाच्या आंबेमोहोराची पत्र्याची मोठी कोठी होती. दयानंदनं डबी कल्पनाच्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळली. प्लास्टिकची पिशवी मुद्दाम घातली नाही. प्लास्टिक घातलं तर तांदूळ ओल ओढणार कसा?

कोठीत ती ठेवली तुळजाबाईंनी. नवा तांदूळ भरताना बरोबर मध्यावर खळगा करून स्वतःच्या हातानं ठेवली, वरून ओंजळीनं तांदूळ सारला आणि हात जोडले. "सून हाय ती माजी त्यात," शेजारणीला म्हणाल्या. पहिला पावसाळा सरल्यावर दयानंदनं डबी काढून लावून पाहिली. झक्क चालू झाली. त्याला फार बरं वाटलं. पुढं कामाच्या धबडग्यात राहून गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याची हिंमतही होत नव्हती. कोठीत आहे, सुखरूप आहे, एवढं त्याला पुरायचं. दर वर्षी तांदूळ भरताना तुळजाबाई ती बाहेर काढायच्या, नवा तांदूळ भरायच्या, पुन्हा मध्यावर ठेवायच्या.

किमया सातव्या वर्षात आली. शाळेत जायला लागल्यापासून तिचे प्रश्न वाढले होते. आई मला काय म्हणून हाक मारायची? आई गाणं म्हणायची का? आई रागावायची का? दयानंदला नीट उत्तरं देता यायची नाहीत. शेवटी एक दिवस त्यानं सांगून टाकलं, "तुज्या वाढदिवसाला तुला आई ऐकवनार." पोरीनं ते वर्गभर केलं. बाईंना सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. माझी आई बोलणार आहे, म्हणायची.

वाढदिवसाच्या सकाळी दयानंदनं कोठीत खांद्यापर्यंत हात घालून गाठोडं काढलं. रबरावर ओरखडा नव्हता, झाकण जागच्या जागी, ओलीचा मागमूस नाही. वायर लावली. दिवा लागला नाही. वायर बदलली, दुसरा कॉम्प्युटर लावला. किमया नवा फ्रॉक घालून खुर्चीवर बसून होती. दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. "आई झोपलीय का?" असं तिनं विचारलं तेव्हा दयानंद डबी खिशात घालून बाहेर पडला, तो थेट पुण्याला.

बिघडलेल्या डिस्कांतलं काढून देणारी उत्कर्षा म्हणून एक बाई निरंजनच्या ओळखीची होती. तिनं डबी ठेवून घेतली आणि आठवड्यानं दयानंदला बोलावलं. टेबलावर डबी उघडून पडली होती.

"बाहेरून हिला काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. "पण आतलं तांबं बघा, सगळं काळं पडलंय. हा ओलावा नाही. कुठला तरी गॅस लागलाय, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हवेसाठी आत बारीक भोक असतं, तिथून चकतीपर्यंत पोचलाय. ठेवली कुठे होती?"

"तांदळात."

"तांदळाला कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकता का तुम्ही?"

टाकतात. सगळं माले टाकतं. पोरकिडे झाले की तांदळाचं पीठ होतं, म्हणून भरताना गोळ्या फडक्यात बांधून कोठीत सोडायच्या आणि झाकणाला शेणमातीनं लिंपून घ्यायचं. त्यांचा धूर दिसत नाही, पण किड्याची जात उरत नाही. गोळ्या दर वर्षी पौडच्या कृषी केंद्रातून दयानंदच आणून द्यायचा. आई सांगायची, तो आणायचा, आई टाकायची. घरातली माणसं मरू नयेत म्हणून ती खोली तो त्या दिवसांत बंद ठेवायचा. डबीचं त्याच्या एकदाही मनात आलं नाही. लक्ष्मी म्हणून कोठीत टाकलेला तांब्याचा जुना पैसा काळाठिक्कर झालेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता, आणि म्हातारा झाला पैसा, म्हणून परत आत टाकला होता.

"दुसरी कॉपी असेलच ना?" उत्कर्षानं विचारलं.

"न्हाई."

"मग मी खोटी आशा लावत नाही. यातून काही निघणार नाही."

परतीच्या वाटेवर भूगावपासून पौडपर्यंत गाड्या खोळंबल्या होत्या. त्या गर्दीत मोटरसायकलवर बसून दयानंदनं विचार केला, की आता आईला काय सांगायचं. तुळजाबाईंची सत्तरी उलटलेली. ताप आलेल्या सुनेला काढा पाजून त्यांनीच निजवलं होतं, ते त्यांना आतून खात होतंच. त्यावर हे सांगायचं? की तू हात जोडून ठेवलीस आणि तुझ्याच हातानं मारलीस? म्हातारी कोठीशेजारीच जीव सोडायची. आपलेच दात, आपलेच ओठ. घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

तुळजाबाई दारातच होत्या, शेजारी किमया. "झाली का नीट?"

"न्हाई."

"का? येवडी पारखून आनल्याली!"

"ती चांगली हाय. माज्याच हातनं पुसलं गेलं. मागं काढून बघितली व्हती, तवा कुनाच्या तरी लग्नाचं भरताना चुकून तिच्यातलं पुसलं."

तुळजाबाईंना आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या खाली बसल्या. "पुसलंस?" म्हणाल्या. "पोटच्या पोरीसाठी ठिवल्यालं, त्ये पुसलंस?" आणि मग इतकी वर्षं त्या घरात जे कुणी बोललं नव्हतं ते त्या बोलल्या. "जित्ती व्हती तवा तिला दवाखान्यात न्यायला उशीर केलास. मेल्यावर येवडीशी डबीत राह्यली व्हती, तर ती बी तुला जपाया आली न्हाई. कसला रे नवरा तू?"

दयानंदनं मान खाली घातली. एक शब्द बोलला असता तर सुटला असता.

किमया पुढं आली. "बाबा, तुम्ही आईला पुसलं?"

"व्हय."

ती आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दयानंदनं बायकोचा आवाज पुसला, असं माल्यापासून पौडापर्यंत झालं. गिऱ्हाइकं गाळ्यात येऊन खाकरून विचारायला लागली, आमच्या लग्नाचं हाय ना जागेवर? एकानं तर ठरलेली तारीख परत घेतली. तुळजाबाई ताट वाढायच्या, पण ते त्याच्यापुढं सरकवायला किमयाला सांगायच्या. किमया सरकवायची आणि लगेच लांब जाऊन बसायची.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी दयानंद पौडहून आला, तेव्हा आजी-नात पडवीत बसल्या होत्या. तुळजाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्याची चाहूल दोघींनाही लागली नाही.

"आजी, आई कशी बोलायची?"

"कशी म्हंजी? मानसासारकी."

"तसं नाही. बोलून दाखव ना."

तुळजाबाईंचा हात सुपात थांबला. सासू-सुनेचं खरं तर कधी फारसं जमलं नव्हतं. भांडण झालं की तुळजाबाई ओट्यावर बसून सुनेची नक्कल करायच्या. डोंगरापलीकडचा तो हेल वाजवीपेक्षा लांबवायचा, नाकातून सूर काढायचा, मान वेळावायची. शेजारणी पोट धरून हसायच्या आणि आत कल्पना भांडी आपटायची. म्हातारीला येत होतं ते तेवढंच. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला, आणि मान वेळावून नाकातून हाक दिली, "किमेऽऽ! ये गं माजी बाय, दूद पिऊन जाऽऽ!"

किमयाचे डोळे मोठे झाले. ती पुढं सरकून आजीच्या मांडीला टेकली. "परत."

तुळजाबाईंनी परत हाक दिली. या वेळी सूर आणखीच नाकात गेला. किमया टाळ्या वाजवून हसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. "अशी बोलायची? अशीच?"

"व्हय गं माजे बाय. अशीच बोलायची."

दयानंद दारात उभा होता, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग तशीच. अशी नव्हती बोलत ती, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ही चेष्टा आहे. तिचा आवाज नाकातला नव्हता. तो होता... कसा होता, ते सांगायला म्हणून त्यानं तो आवाज मनात शोधला. कुठल्या लग्नात ती काय बोलली ते सगळं आठवलं, शब्द न् शब्द आठवला. आवाज आठवेना. डोळे मिटून पाहिलं, तरी कानात आईची ती नाकातली हाकच घुमत राहिली.

तो बॅग घेऊन तसाच पायरीवर बसला. आत किमया मान वेळावून, त्याच सुरात, आई होऊन स्वतःलाच हाका मारत होती.